शनिवारचं लोखंड

आमच्या घरात शनिवारी लोखंड यायचं नाही. तेलही यायचं नाही, पण तेल आदल्या दिवशी आणून ठेवता येतं. लोखंडाचं तसं नाही. गाडीला कुठल्या मापाचा बोल्ट लागणार हे ती खोलल्यावरच कळतं, आणि आमची गाडी खोलली जायची ती शनिवारी दुपारीच. माझे वडील, अण्णा, साखर कारखान्यात फिटर होते. शनिवारी त्यांची अर्धी पाळी असायची. एकचा भोंगा झाला की अर्ध्या तासात त्यांची सायकल कोल्हारच्या आमच्या घराच्या अंगणात यायची, आई भाकरी थापायला बसायची आणि मी पान्यांची पेटी गाडीजवळ नेऊन ठेवायची. रविवारी नगरची स्पेअर पार्टची दुकानं आणि भंगारबाजार बंद, इतर दिवशी अण्णांची पाळी. म्हणजे लोखंडाला आमच्या घरी यायला शनिवारची दुपार सोडली तर वाटच नव्हती, आणि ती शनिदेवानं अडवलेली. शिंगणापूर आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळे त्याचा धाक आमच्याकडे इतरांपेक्षा थोडा जास्त आहे असं मला वाटायचं. आईला चालत नाही, असं अण्णांनी सांगितलं होतं. आईला काय चालतं आणि काय नाही हे विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती, त्यामुळे मी ते तसंच धरून चालले.

गाडी कुणा इंग्रज केमिस्टची होती म्हणे. तो मायदेशी गेला आणि ती कारखान्याच्या गोदामात रिकाम्या पोत्यांखाली राहिली. गोदाम मोकळं करायला काढलं तेव्हा भंगार म्हणून ती अण्णांनी मागून घेतली आणि दोन बैल लावून घरी आणली. मला ती मिरवणूक अजून दिसते. पुढे बैल, मागे चाकांतून हवा गेलेली ती हिरवी लांबलचक नाकाची गाडी, आणि स्टिअरिंगवर अगदी ताठ बसलेले अण्णा. तिला छप्पर नव्हतं. दारं इतकी बुटकी की उघडण्यापेक्षा ओलांडणं सोपं. माणसं बसणार फक्त दोन. मिरजगावची आत्या, अण्णांची थोरली बहीण, पहिल्यांदा आली तेव्हा तिने गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "वर छप्पर न्हाई, मागं बसाया जागा न्हाई. दत्तू, ही गाडी न्हवं, ह्यो पाळना हाय." तेव्हापासून गावात आणि कारखान्यात तिचं नाव पाळणाच पडलं.

पहिलं वर्ष नुसतं साफसफाईत गेलं. गाडीतून उंदराची घरटी निघाली, मळीचा वास निघाला, एक इंग्रजी पाइप निघाला जो अण्णांनी धुऊन ठेवला आणि कधी ओढला नाही. त्या वर्षी आम्ही दोघं शनिवारी दुपारची एसटी धरून नगरला जायचो. भंगारबाजारात अण्णा एखादा सायलेन्सरचा नळ उचलून त्यातून माझ्याकडे बघायचे आणि मी दुसऱ्या टोकाने त्यांच्याकडे. येताना बसमध्ये तो नळ आमच्या दोघांच्या मांडीवर आडवा असायचा. मग दुसऱ्या वर्षी कधीतरी, मी चपला घालून दारात उभी असताना अण्णा म्हणाले, "आजपासनं शनिवारी लोखंड न्हाई. तुझ्या आईला चालत न्हाई." मला वाईट वाटलं, कारण त्या एसटीच्या फेऱ्या मला आवडायच्या. पण त्यानंतर जे सुरू झालं ते मला फेऱ्यांपेक्षाही आवडलं, हे आज कबूल करते.

लोखंड नाही म्हटल्यावर बाकी जगात जे काही आहे ते आमचं होतं. रेडिएटर गळत होता, तर अण्णांनी आईच्या डब्यातली मूठभर हळद पाण्यातून आत सोडली आणि गळती थांबली. पेट्रोलच्या टाकीला बारीक चीर होती, तिथे अंगाचा साबण घासून घासून बसवला. कमानींच्या, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांच्या, रबरी बुशांसाठी अण्णांच्या जुन्या टायरच्या चपला कापल्या. सीटमध्ये काथ्या भरला, वरून रेक्झिन मी शिवलं, आणि सुई मोडायला नको म्हणून आधी टोच्याने भोकं पाडायची हे मीच शोधून काढलं. अण्णांचा दाढीचा आरसा गाडीच्या कडेला गेला आणि अण्णा दाढी करायला गाडीपाशी येऊ लागले. इंजिनाच्या सांध्यांत बसवायच्या गॅसकेटला जाड कागद लागतो. तो आमच्याकडे लग्नपत्रिकांच्या रूपाने फुकट येत होता. पत्रिका इंजिनाच्या तोंडावर ठेवायची, कडेकडेने हातोडीने हलकं टकटक करायचं, की बरोबर आकार कापला जातो. गणपतीचं चित्र तेवढं आई आधी कापून बाजूला ठेवायची. कितीतरी नवरानवरींची नावं आमच्या इंजिनात ऑइल पिऊन बसली होती. आताची जुन्या गाड्यांची हौशी माणसं मी जावयाच्या मोबाईलवर बघते. प्रत्येक स्क्रू परदेशातून मूळचाच मागवतात म्हणे. मागवोत बापडे. आमच्या गाडीत मूळचं फारसं काही उरलं नव्हतं, पण तिचा एकेक भाग कुठून आला हे मी झोपेतही सांगू शकले असते.

शनिवारी संध्याकाळी आई हुलग्याचं शेंगोळं करायची. उंबऱ्यात परात घेऊन ती पिठाचे लांब वेढे वळायची आणि मी तिच्यापासून चार हातांवर गाडीखाली पाठीवर पडलेली असायची. लसणाचा आणि ग्रीसचा वास एकात एक मिसळायचा. अण्णा वरून हात खाली करायचे आणि म्हणायचे, "चौदा-पंधराचा," आणि मी तो पाना त्यांच्या हातात द्यायची. कधी मी न मागता योग्य पाना वर करायची, तेव्हा त्यांचा हात क्षणभर थांबायचा. मला एकोणिसावं लागलं होतं, कॉलेजचं एक वर्ष झालं होतं, आणि त्या थांबलेल्या हातापेक्षा मोठं बक्षीस मला ठाऊक नव्हतं.

रविवारी सकाळी हमीदचाचा यायचे. बाजारपेठेत त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. अण्णांचे शाळेपासूनचे मित्र. आधी दोन कप चहा, मग काम, असा त्यांचा शिरस्ता होता. शनिवारी यायला अण्णांनी त्यांना मनाई केली होती, कारण त्यांच्या पिशवीत लोखंड असणारच. चाचा मान हलवत म्हणायचे, "दत्तोबा, सोमवारी न्हाई, बुधवारी न्हाई, नेमका अर्ध्या सुट्टीच्या दिवशीच कसा रं तुला शनि लागतो?" अण्णा म्हणायचे, "घरातल्यांचं ऐकाया लागतं बाबा." आई आतून काही बोलायची नाही. एकदा तीच शनिवारच्या बाजारातून सुयांची पुडी घेऊन आली होती. अण्णांनी तिच्याकडे बघितलं तर म्हणाली, "सुई म्हंजे काय लोखंड असतंय व्हय?" आणि दोघंही हसली. स्वतःचाच नियम आई स्वतःच मोडते याची मला गंमत वाटली होती.

आत्या दर दोन-तीन महिन्यांनी यायची आणि प्रत्येक वेळी एक स्थळ घेऊन यायची. मिरजगावातलंच, शिक्षक असलेलं एक स्थळ तिच्या फार मनात भरलं होतं. ती ओसरीवर बसून अण्णांना म्हणायची, "गाडीला हळद लागली, पोरीला कवा लागायची?" अण्णा हात पुसत म्हणायचे, "आक्का, गाडी रस्त्यावर येऊ दे. पयली फेरी मिरजगावची. शालनला शेजारी बसवून आनतो, तुज्या पावन्यांना बघू दे काय बघायचं ते." "आनि गाडी कवा येनार?" "मागच्या कमानीचा पाटा मोडलाय. त्यो मिळाला की आलीच." त्या पाट्यावर आत्याची चार वेळा तरी बोळवण झाली असेल. पाटा म्हणजे कमानीतली मुख्य लोखंडी पट्टी, जिच्यावर गाडीचा सगळा भार असतो. पाट्याच्या जागी दुसरं काही चालत नाही. हळद नाही, साबण नाही, लग्नपत्रिका तर नाहीच. हमीदचाचांचं वेल्डिंगही त्यावर टिकत नाही. पाटा लोखंडाचाच लागतो, आणि लोखंड शनिवारी यायचं नाही.

आज मला हे सगळं लिहिताना इतकं उघड दिसतं की स्वतःच्या तेव्हाच्या डोक्याचं आश्चर्य वाटतं. पण तेव्हा माझ्या डोक्यात गाडी होती, मिरजगाव नव्हतं. मला लग्न करायचं नव्हतं. अण्णा आत्याला टोलवतात हे मला कळत होतं आणि ते मला आवडत होतं, पण टोलवण्याचा आणि पाट्याचा एकमेकांशी काही संबंध असेल हे मला सुचलंच नाही. मला वाटायचं की अण्णा खरोखर अडले आहेत. रविवारी उन्हं उतरली की ते गाडीत जाऊन बसायचे, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायचे आणि समोरच्या शेवग्याकडे बघत राहायचे. मी शेजारी बसायची. गाडी विटांवर उभी असायची आणि आम्ही दोघं कुठेही जात नसायचो. त्यांना जायचं आहे आणि जाता येत नाही, असं मी त्यांच्या चेहऱ्यावर वाचायची.

एका शुक्रवारी कारखान्यातले दोघे त्यांना सोडायला घरापर्यंत आले. फाटकातून गाडी बघून एक जण म्हणाला, "काय दत्तोबा, तीन वर्सं झाली, पाळन्यात पोर कवा घालनार?" अण्णा हसले. मी ओसरीवरून ते हसू बघितलं आणि मला ते सहन झालं नाही. माझ्या बापाला कुणी हसलेलं मला चालणार नव्हतं. त्याच संध्याकाळी मी गाडीखाली शिरले, सुतळीने मोडक्या पाट्याचं माप घेतलं, जिथे भोकं होती तिथे गाठी मारल्या, आणि शनिवारी सकाळी मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते असं सांगून नगरची एसटी धरली.

भंगारवाल्याने आधी मला, मग माझ्या मागे कुणी पुरुष उभा आहे का ते बघितलं. "ड्रायव्हर कुठंय, ताई?" मी म्हणाले, "मीच हाय." जीपचे पाटे ढिगाने पडले होते. सुतळी लावत लावत एक मिळाला, थोडा लांब होता पण कापता आला असता, वाकही बरोबर होता. मी घरून आईचं जुनं लुगडं नेलं होतं, त्यात तो गुंडाळला आणि खांद्यावर घेऊन स्टँडवर आले. खांदा नंतर चार दिवस काळानिळा होता. बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, "ताई, काय हाय ह्यात?" घाबरून माझ्या तोंडून खरंच निघालं. "पाटा." "चटनी वाटायचा?" मी मान हलवली. त्याने त्या गुंडाळीची लांबी बघितली आणि म्हणाला, "किती गावांची चटनी वाटता वो तुमी?" अख्खी बस हसली. आणि त्या हसण्यात मला घरी काय सांगायचं ते सापडलं.

मी अंगणात आले तेव्हा अण्णा स्टुलावर बसून प्लग घासत होते आणि आई शेंगोळं वळत होती. मी लुगडं त्यांच्या पायाशी ठेवलं. "काय हाय?" "पाटा." आईचे हात थांबले. अण्णांनी लुगड्याचं एक टोक बाजूला केलं आणि अंगठा त्या लोखंडावर ठेवला. "आज शनिवार हाय," ते हळू म्हणाले. मी कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "पाटा काय लोखंडात धरत्यात व्हय अण्णा? आईला विचारा, पाटा-वरवंटा तर दगडाचा असतोय." मला माझ्या विनोदाचा इतका अभिमान वाटत होता की त्यांना हसायला उशीर लागला हे माझ्या लक्षातही आलं नाही. त्यांनी माझ्याकडून सुतळी मागून घेतली, पाट्यावर ताणून धरली, एकेक गाठ बोटाने चाचपली. "माप बरोबर घेतलंस," ते म्हणाले. मग हात काळे होते म्हणून मनगटाची मागची बाजू माझ्या डोक्यावर ठेवली. त्या दिवशी शेंगोळं कुणीच पोटभर खाल्लं नाही. मला आनंदामुळे जेवण गेलं नव्हतं, आणि तीच गोष्ट त्या दोघांचीही असेल असं मी समजले.

रविवारी हमीदचाचांनी पाटा कापला, भोकं पाडली आणि दुपारपर्यंत गाडी विटांवरून खाली आली. सुरू झाली तेव्हा तिचा आवाज असा झाला की शेजारच्यांच्या शेळ्या दावं तोडून पळाल्या. अण्णा आणि मी प्रवरेच्या पुलापर्यंत गेलो. वाऱ्याने माझी वेणी सुटली. दोन्ही बाजूंना उसाला तुरे आले होते आणि लोक रस्त्याच्या कडेला थांबून बघत होते. पुलावर अण्णांनी गाडी थांबवली, उतरले, माझ्या बाजूला आले आणि म्हणाले, "सरक. तू घे." मी येताना घरापर्यंत गाडी चालवली. त्यानंतर मी आयुष्यात बऱ्याच गाड्या चालवल्या, चांगल्या चालवल्या, पण तो अर्धा तास मला अजून हवा असतो. घर दिसायला लागल्यावर अण्णा म्हणाले, "आता मिरजगावला जाया पायजे." मला फक्त लांबचा रस्ता दिसला, नगरच्याही पुढे जाणारा, आणि मी म्हणाले, "जाऊ की! उद्याच जाऊ."

आम्ही पुढच्या रविवारी गेलो. ओसरीवर पोहे झाले, पाहुणे आले, आणि ज्यांच्याशी पुढे माझं लग्न झालं त्यांनी माझ्यापेक्षा गाडीकडेच जास्त वेळ बघितलं. ते भले गृहस्थ निघाले, माझी त्यांच्याबद्दल काही तक्रार नाही. महिन्या-दीड महिन्यात सगळं ठरलं. अण्णांनी आत्याला शब्द दिला होता आणि गाडी रस्त्यावर आली होती, त्यामुळे बोलायला जागाच उरली नव्हती. पाठवणीला मला त्याच गाडीतून नेलं. नवरदेव मागच्या जीपमध्ये, कारण गाडीत माणसं दोनच बसायची आणि अण्णांनी स्टिअरिंग दुसऱ्या कुणाला दिलं नाही. पाट्याने कुठे कुरकुर केली नाही.

दिवाळीला माहेरी आले तेव्हा गाडीवर ताडपत्री होती. शनिवार होता. मी पान्यांची पेटी बाहेर काढली आणि म्हणाले, "अण्णा, खोलायची का?" ते म्हणाले, "आता कशाला? चालती हाय की." मी पेटी परत आत ठेवली. पुढे ती गाडी पुण्याच्या एका हौशी गृहस्थाने नेली, आणि त्यानंतर काही वर्षांनी अण्णाही गेले. अण्णांची आठवण येते तेव्हा मला त्यांचं गाडी चालवणं फारसं आठवत नाही. विटांवर उभ्या गाडीत, कुठेही न जाता बसलेले अण्णा आठवतात. त्यांच्या शेजारची ती काथ्याची सीट मला इतकी हवीशी वाटते की कधी कधी वरण ढवळताना हात थांबतो.

आई आता पंच्याऐंशीची आहे. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, पण पायाने ठणठणीत. गेल्या थंडीत मी कोल्हारला होते तेव्हा आम्ही दोघी बाजारात गेलो. देवळाच्या वाटेवर लोखंडी सामानाचं दुकान मांडलेलं होतं. आई तिथे वाकली आणि एक तवा उचलून बोटाने वाजवून बघायला लागली. मी म्हणाले, "आई, आज शनिवार हाय."

"मग?"

"लोखंड घ्यायचं नसतंय ना आपल्यात."

आईने तवा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं, जणू मी कुणा भलत्याच घराबद्दल बोलते आहे. "आपल्यात कुठं? माज्या म्हायेरी न्हाई, तुज्या आज्जीच्या वख्ताला न्हाई. ते तुज्या अण्णांनी काढल्यालं."

"तुला चालत न्हाई म्हनून सांगत होते ते."

"सांगंनात का. आक्का पयलं स्थळ घिऊन आली, त्याच्या दुसऱ्या शनवारपास्नं सुरू झालं ते. म्हनले, तू फकस्त गप ऱ्हा. मी ऱ्हायले." तिने तवा परत उचलला. "मला बी तू घरात पायजेच हुतीस की गं."

दुकानदार आमच्याकडे बघत होता. सायलेन्सरच्या नळातून दिसणारा अण्णांचा डोळा मला आठवला, सुतळीच्या गाठी चाचपणारं त्यांचं बोट आठवलं. ज्या लोखंडाला त्यांनी दोन वर्षं दाराबाहेर थांबवून धरलं होतं, ते मीच खांद्यावर घालून आत आणलं होतं.

"मग मी पाटा आनला तेव्हा का न्हाई काही बोलले?" मी विचारलं.

"काय बोलनार? आत आले आन मला म्हनले, पोरीला जायाची लई घाई झाली. आता आडवून धरनं बरं न्हवं." आईने पदराने तोंड पुसलं. मग इतक्या वर्षांनी, भर बाजारात, तिने मला विचारलं, "झाल्ती का गं खरंच घाई?"

"न्हाई गं आई," मी म्हणाले. "मला वाटलं, अण्णांनाच घाई झालीय."